एक, दोन, दहा

फ्रिजमागचा स्टॅबिलायझर टक् करून वाजला आणि दुपारची शांतता मधोमध चिरली. एवढ्याशा आवाजाने मी खुर्चीत उडाले. आधी पलंगाकडे पाहिलं, मग टेबलाकडे. हा क्रम नंतर लक्षात आला आणि जरा बरं वाटलं, कारण गेले तीन दिवस मी आधी टेबलाकडे पाहत होते. पलंगावर ठमी आडवीतिडवी झोपली होती, डोकं पायथ्याशी, एक पाय उशीवर. त्या आवाजाने तिचा हात हवेत उडाला, बोटं पसरली, काहीतरी धरायला गेली, आणि काहीच सापडलं नाही तेव्हा आपली आपण मिटली. जन्मल्यापासून ती अशी दचकते. सगळीच बाळं दचकतात, तीन-चार महिन्यांत जाईल, असं तेव्हा नर्स म्हणाली होती. आता चार वर्षं होत आली. डोळे उघडत नाही, नुसती दचकते, आणि तेवढ्या निमिषात ती कोण, कुठे, खाली पलंग आहे की नाही, यातलं तिला काहीच ठाऊक नसतं. हात मात्र काहीतरी करून मोकळा झालेला असतो. मी पूर्वी याच्यावर हसायचे. सोमवारपासून हसू येत नाही.

टेबलावर दोन बोर्ड होते. आमच्या धंद्यात बोर्ड म्हणजे तळहाताएवढी पाटी. एका अख्ख्या कारभाराला लागणारं सगळं तिच्यावर एकाच जागी जडवलेलं असतं: विचार करणारी चिप, आठवण ठेवणारी चिप, बाहेरचं मोजून आत आणणारी दारं आणि आतला हुकूम बाहेर नेणारी दारं. एक हिरवा होता, एक काळा. कागदोपत्री त्यांना लांबलचक नंबर आहेत, पण आमच्याकडे ते हिरवा आणि काळा याच नावांनी नांदतात. यांतला एक मला निवडायचा होता. तो पत्र्याच्या पेटीत बसणार, पेटी विजेच्या खांबाला लटकणार, आणि असे खांब दोनशे चाळीस. पेटीने अष्टौप्रहर लाइनीचा दाब आणि प्रवाह मोजत राहायचं, आणि लांबून हुकूम आला की खांबावरचा स्विच उघडायचा नाहीतर लावायचा. स्विच उघडला की पुढची लाइन बंद. मग माणसं शिडी लावून वर चढतात आणि बंद तारेला हात घालतात. हे शेवटचं वाक्य निवडीच्या पत्रकात नाही. पत्रकात माणसं नसतात, रकाने असतात. वेग, स्मरण, दारं किती, कितपत ऊन सोसतो, अजून किती वर्षं बाजारात मिळेल, आपल्या लोकांना किती सवयीचा. हिरव्याला त्र्याऐंशी गुण, काळ्याला एकाहत्तर. गुण मीच दिले होते, प्रामाणिकपणे, सहा आठवडे खपून. खाली ‘शिफारस’ असं लिहून एक ओळ कोरी होती. चार वाजेपर्यंत ती भरून पाठवायची होती आणि आता अडीच वाजले होते.

हिरवा लिहिला असता तर काही बिघडत नव्हतं. हिरव्याचे जुने भाऊबंद आमच्या कंपनीत बारा वर्षं आहेत, त्याच्यासाठी लिहिलेले प्रोग्राम कपाटभर आहेत, नव्या पेट्यांसाठी त्यांना फक्त थोडी मापं आत-बाहेर करून घालायची. काळा म्हणजे परकी सून. त्याची भाषा वेगळी, खोडी वेगळ्या, वेगही कमी. त्याच्यासाठी सगळा प्रोग्राम पहिल्या अक्षरापासून लिहावा लागणार, आणि पहिल्या वीस पेट्या बसतील तेव्हा लिहिणाऱ्याला खांबाखाली उभं राहावं लागणार. साइट एक दिवसाच्या प्रवासावर. सहा आठवडे. लिहिणारी मी. हे मला पत्रक हातात आलं त्या दिवसापासून माहीत होतं, आणि हिरव्याला जास्त गुण देताना माझं पेन जरा लवकर चालत नव्हतं ना, हेही मी तपासलं होतं. नव्हतं. हिरवा खरोखरच हुशार आहे. ते मला अजूनही म्हणायचंय.

सोमवारी ठमीच्या पाळणाघरात कांजिण्या निघाल्या आणि त्यांनी आठवडाभर दार लावून घेतलं. साहेब म्हणाले, घरी घेऊन जा दोन्ही बोर्ड, उरलेल्या चाचण्या तिथेच कर, पोरीला काय चावणार आहेत का ते! म्हणून जेवणाच्या टेबलावर ही सगळी आरास. बोर्डाला वीज देणारी लहान पेटी, मोजायचं यंत्र, आणि खांबावरच्या स्विचच्या जागी एक तांबडा दिवा. दिवा लागला तर समजायचं स्विच लागला, विझला तर उघडला. दिवा आमच्या चाचणीघरातल्या अष्टबोट्यांनी बसवून दिला होता. अष्टबोटे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते पूर्वी लाइनमन होते, उजव्या हाताची दोन बोटं तिथेच राहिली, आणि नोकरीवर परत आले त्या दिवशी हजेरीला उभं राहून त्यांनी स्वतःच हे आडनाव जाहीर केलं. आता नव्या पोरांना त्यांचं खरं आडनाव ठाऊकही नाही. त्यांचा एक नियम आहे आणि तो आमच्याकडे पाढ्यासारखा पाठ करून घेतला जातो: वीज बंद केली की दहा मोजायचे, मग पुढचं काय ते करायचं. परत चालू करायची तरी दहा, आत हात घालायचा तरी दहा. बंद केल्यावरही बोर्डाच्या पोटात थोडी वीज शिल्लक असते, ती निवली पाहिजे. ते स्वतः बोटांवर मोजतात, आठ झाली की डोळे मिटून दोनदा मान हलवतात. पहिल्या आठवड्यात मला वाटलं होतं की हा विनोद आहे. दुसऱ्या आठवड्यात मीही नववा-दहावा मान हलवूनच मोजू लागले.

तर सोमवारी मी वीज घालवून-आणून बघत होते. हिरव्याची ही चाचणी ऑफिसात तीनशे वेळा झाली होती, तीनशेही वेळा तो शहाण्यासारखा उठला होता, आता फक्त तापवून तीच परत करायची होती. ठमी खुर्चीवर गुडघे टेकून उभी होती, आणि तिला काम हवं होतं. चार वर्षांच्या माणसाला काम दिलं नाही तर ते स्वतः शोधतं, आणि ते परवडत नाही. म्हणून म्हटलं, तू दहा मोज, तू दहा म्हणालीस की मी बटण दाबणार. तिने छाती फुगवून पाचसहा वेळा नीट मोजलं. मग तिला कंटाळा आला. मी बटण बंद केलं आणि ती म्हणाली, “एक, दोन, दहा!” आणि माझ्या बोटाने, ज्याला गेली कित्येक वर्षं दहा ऐकलं की दाबायची सवय आहे, दाबलं.

दिवा लागला. लागला म्हणजे काय, लुकलुकला, पापणी लवते तेवढाच, आणि विझला. मग बोर्ड नेहमीसारखा जागा झाला आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगू लागला.

“आई, त्याने डोळा मारला!” ठमीने टाळ्या पिटल्या.

“ठमे, मधले आकडे कुठे गेले?”

“मधले मी मनात म्हटले.”

मी तिला म्हटलं, परत तसंच मोज. मनातच म्हण मधले. तिला एवढा आनंद माझ्याकडून फार दिवसांत मिळाला नव्हता. चाळीस वेळा तिने एक-दोन-दहा केलं आणि चाळीसातून अकरा वेळा दिव्याने डोळा मारला. हुकूम कोणाचाच नव्हता. बोर्डाच्या पोटातली वीज अर्धी उतरलेली असताना वरून नवी वीज आली की तो ना धड झोपलेला ना धड जागा. तेवढ्या निमिषात त्याचा हात उडतो आणि बाहेरचं दार वाजतं. मग मी काळा लावला. चाळीस वेळा, मग दोनशे वेळा. ठमी कंटाळून खाली जाऊन पेल्यांचं दुकान मांडून बसली, तरी मी आपली एकटीच एक-दोन-दहा करत होते. दिवा मेल्यासारखा पडून राहिला. काळ्याच्या दारांवर एक वेगळा राखणदार आहे, अगदी साधा, चार पैशांची अक्कल नसलेला. त्याला एवढंच येतं: आतला माणूस पुरता जागा होऊन स्वतःचं नाव सांगेपर्यंत दार उघडायचं नाही. या राखणदाराला माझ्या पत्रकात रकाना नव्हता.

आणि खांबावर वीज दहा मोजून येत नाही. फांदी तारेला घासते, वीज जाते, दुसऱ्या सेकंदाला परत येते. पेटीत बॅटरी असते खरी, पण बॅटरीही म्हातारी होते, आणि म्हातारी झाली की वेळेवर उठत नाही. खांबावर वीज एक-दोन-दहा अशीच येते. मधले मनात म्हणते.

मंगळवारी मी साहेबांना भेटायला गेले, ठमीला सासूबाईंकडे सोडून. साहेब वाईट नाहीत. त्यांनी मला बाळंतपणानंतर तीन वर्षांनी परत घेतलं, तेही माझ्याच टेबलावर, आणि माझ्या खुर्चीवर बसलेल्या पोराला उठवून. सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, घातला. “अगं, हा बोर्ड मी बारा वर्षं वापरतोय. माझ्या मुलापेक्षा जास्त ऐकतो माझं.”

“ऐकतो हो, साहेब. जागा असला की ऐकतो.”

“मग प्रोग्रामात एक ओळ टाक. उठल्याबरोबर दारं बंद कर म्हणावं. झालं.”

“जो अजून उठलाच नाही त्याला कोणती ओळ वाचायला देऊ?”

ते हसले. त्यांना उत्तर आवडलं आणि मी आवडले नाही, दोन्ही एकदम दिसलं. मग बाहेरून एखादं ठिगळ लावता येईल का यावर आम्ही तासभर डोकं फोडलं. पण ठिगळालाही वीज त्याच पेटीतून मिळणार, म्हणजे दोघे एकदमच पेंगणार. शेवटी ते हळू आवाजात म्हणाले, “हे बघ, तू हे लिही. मी लिहू नको म्हणत नाही. पाठीमागे ‘इतर निरीक्षणे’ आहेत ना, तिथे लिही. कायद्याने नोंद झाली. पुढच्या बॅचला बघू. आणि तुझं घर लहान आहे, मुलगी लहान आहे, मला काय कळत नाही का? काळा घेतला तर तिकडे दुसरं कोण जाणार?” ‘इतर निरीक्षणे’ म्हणजे आमच्या ऑफिसचा माळा आहे. तिथे टाकलेलं कोणी खाली काढत नाही, आणि टाकून दिलं असंही कोणाला म्हणता येत नाही. ते बोलले तेव्हा मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट पोटात काहीतरी सैल झालं, उन्हातून सावलीत यावं तसं. बसमध्ये बसल्यावर त्या सैलपणाचीच मला भीती वाटली.

मागच्या खेपेला मी साइटवर फक्त तीन दिवस गेले होते. कामावर रुजू होऊन महिना झाला होता. फोनवर ठमी बोलायलाच तयार नव्हती. सासूबाई फोन तिच्या कानाशी धरायच्या आणि मला नुसता श्वास ऐकू यायचा, लहान, दमल्यासारखा. परत आले तेव्हा ती धावत आली नाही. दारात उभी राहून तिने माझी बॅग पाहिली, चप्पल पाहिली, मला एक चित्र दाखवलं. सगळं रीतसर, पाहुण्यांशी वागावं तसं. मग तिला तहान लागली आणि ती माझ्यासमोरून, माझ्या गुडघ्याला घासून, स्वयंपाकघरात गेली आणि म्हणाली, आजी, पाणी. मी सिंकपासून दोन हातांवर होते. त्यानंतर आठवडाभर मी पाण्याचा पेला हातात घेऊनच घरात फिरत असे, कोणी मागण्याआधी. तीन दिवसांचं ते एवढं. सहा आठवड्यांचं किती, हे त्रैराशिक मांडायचा मला धीर होत नव्हता.

आणि साक्षीदार तरी कोण? साहेबांनी नुसतं ऐकलं होतं; दिवा लुकलुकलेला दोघींनीच पाहिला होता, आणि दुसरीला दहापर्यंत मोजायचा कंटाळा. मी इथून पुढे आळीमिळी गुपचिळी केली असती तर ऑफिसातली तीनशे वेळांची चाचणी माझ्या बाजूने उभी होती, सही-शिक्क्यानिशी. दोनशे चाळीस पेट्या आहेत, वर्षातून असा क्षण किती वेळा येईल, आला तरी त्याच क्षणी वर माणूस असेल कशावरून, असला तरी त्याने कुलूप लावलेलं असेल, तार जमिनीला जोडलेली असेल, नियमात सगळं आहे. हे मी सोमवारपासून स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की त्याला चाल लागली होती. भांडी घासताना मी ते गुणगुणते आहे असं एकदा लक्षात आलं.

“काय गं, सोयरीक जुळवायला बसल्यासारखी बघत बसलीस त्या दोन पाट्यांकडे?” सासूबाई चहा घेऊन आल्या होत्या. कप ठेवायला त्यांनी हिरव्याला बोटाने किंचित सरकवलं, पण सांभाळून. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं होत्या, तारांना हात कसा लावतात ते त्यांना कळतं. मी त्यांना सगळं सांगितलं. म्हणजे सांगितलं दिव्याचं, आणि सहा आठवडे शेवटी, घाईने, जणू ते चहाच्या साखरेबद्दल होतं.

त्या पलंगाच्या कडेला टेकल्या, ठमीचा पाय उशीवरून काढून नीट ठेवला. तिने तो लगेच परत उशीवर टाकला. “मी पाळीला जायचे तेव्हा तुझा नवरा शेजारणीला आई म्हणायचा,” त्या म्हणाल्या. “वर्षभर. मला काकू.”

“मग?”

“मग काय, मोठा झालाच ना? जरा बावळट झाला, पण झाला.”

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. “वाईट वाटायचं का, असं विचारू नकोस,” त्या म्हणाल्या. “वाटायचं. अजून वाटतं. पण बोर्डावर दिवा लागला की हात आपोआप जायचा. कोणाच्या घरी काय झालंय कोणाला ठाऊक, म्हणून फोन करतंय माणूस.” मग उठता उठता, “पोळेल तो चहा, निवव जरा. आणि जाणार असशील तर त्या पोरीला तूच सांग. मी सांगणार नाही. मला तिच्या शिव्या खायच्या नाहीत.”

सव्वातीनला मी अष्टबोट्यांना फोन लावला. खरं तर त्यांनाच सगळ्यात आधी सांगायला हवं होतं आणि त्यांनाच मी टाळत होते. मागे चाचणीघराचा पंखा घरघरत होता.

“काका, तुम्ही दहा का मोजायला लावता?”

“घ्या! एवढी शिकलेली पोर आणि हे विचारते. निवेपर्यंत थांबायचं म्हणून. पाच पुरतात खरे. पण पाच सांगितले की लोक दोन मोजतात.”

“काका, दोन मोजून बघा. तुमच्याकडच्या दुसऱ्या हिरव्याला. गरम असताना.”

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग बटणाचा, मग त्यांचं मोजणं. एक, दोन. बटण. पुन्हा. एक, दोन. बटण. मी कपाची कड नखाने खरवडत होते. सातव्या की आठव्या खेपेला ते “आयला” म्हणाले, इतक्या हळू, की ते फोनसाठी नव्हतं.

“दचकला,” ते म्हणाले.

“हो.”

“म्हणजे माझ्या दहामुळे हा तीनशे वेळा लपून राहिला.”

“तुमच्या दहामुळे आमचे हात शाबूत आहेत, काका.”

“ते आहेत गं. ते आहेतच.” त्यांनी घसा साफ केला. “तुला माझी बोटं कशी गेली माहीत आहे?” मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं तो विनोदच इतका मोठा होता की त्याच्या मागे कोणी गेलंच नव्हतं. “लाइन बंद आहे म्हणाले. खोटं नाही बोलले कोणी. बंदच होती. मी घाईत होतो, जमिनीला जोडायची राहिली, ती चूक माझी. पण बंद होती. आणि एकदम, एवढीशी, आली आणि गेली. नंतर चौकशीत सगळे म्हणाले, आलीच नव्हती, नोंदच नाही कुठे. मी म्हटलं, बरं, नसेल. बोटं घरी विसरलो असेन.” ते हसले. मी नाही हसले. “लिही, पोरी. माझं नाव घालून लिही. खरं आडनाव घाल, नाहीतर वरचे लोक हसतील.” आणि त्यांनी मला त्यांचं खरं आडनाव सांगितलं, अक्षर अक्षर करून, तक्रार लिहून देताना सांगावं तसं.

फोन ठेवल्यावर मला वाटलं होतं की आता काहीतरी मोठं होईल, छाती वगैरे भरून येईल. तसं काही झालं नाही. तांदूळ निवडताना खडा लागला की बोट थांबतं तसं आतलं काहीतरी थांबलं, इतकंच. मी पत्रक उघडलं. पाठीमागे गेलेच नाही. रकान्यांच्या शेवटी एक नवा रकाना ओढला आणि डोक्यावर काय लिहावं ते सुचेना. पुस्तकात याला चांगले भारदस्त शब्द आहेत, मला ते येतातही, पण ते वाचून कोणी दचकणार नव्हतं. मी लिहिलं: ‘जागा होताना कसा वागतो’. हिरव्यासमोर लिहिलं, चाळीसात अकरा वेळा हुकमाशिवाय स्विच लावला. काळ्यासमोर, दोनशे चाळीसात शून्य. चाचणीघरात पुन्हा पाहून खात्री केली, आणि त्यांचं आडनाव, नीट, अक्षर अक्षर. बेरीज बदलली नाही. हिरवा अजूनही पुढेच होता. म्हणून खाली एक वाक्य टाकलं की या रकान्यात जो नापास, त्याची बेरीज करू नये. मग शिफारशीच्या ओळीत काळ्याचा लांबलचक नंबर लिहिला. तो मला पाठ होता, हे लिहितानाच कळलं. चारला दहा मिनिटं होती. पाठवून दिलं.

चारला पाच असताना साहेबांचा फोन. वाचलं होतं त्यांनी.

“नवा रकाना काढलास.”

“हो, साहेब.”

“माझ्या बारा वर्षांना तू नापास केलंस.”

“बोर्डाला केलं, साहेब. तुम्हीच मला एकदा म्हणाला होतात, यंत्राचं कौतुक करावं, पण सोयरीक लावू नये.”

“मी म्हणालो होतो?” ते म्हणाले. “तेव्हा शहाणा असेन.” मग कागद चाळल्याचा आवाज, बराच वेळ, आणि मला कळलं की ते तो रकाना पुन्हा वाचताहेत. “मी सही करतोय. वर आरडाओरडा होईल, उशीर झाला म्हणून. तो माझ्या अंगावर घेतो. पण तिकडे उभं मात्र तूच राहायचंस. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून. अर्ध्यातून परत आलीस तर बघ.”

“येणार नाही.”

“मुलीचं काय करणार?”

“ते मी बघते, साहेब,” मी म्हटलं, आणि इतक्या ठाम आवाजात म्हटलं की ते ऐकून मलाच क्षणभर वाटलं, बघितलं आहे, सगळं ठरलं आहे.

फोन खाली ठेवला आणि वळले तर ठमी पलंगावर उठून बसली होती. गालावर चादरीच्या सुरकुत्यांचा नकाशा. किती वेळ जागी होती कोण जाणे. मुलं झोपेतून उठल्यावर काही क्षण फार म्हातारी दिसतात, सगळं माहीत असल्यासारखी. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिने माझा हात घेऊन स्वतःच्या मांडीवर ठेवला आणि बोटातली अंगठी फिरवू लागली, तिचा नेहमीचा उद्योग. स्वयंपाकघरात सासूबाईंनी मुद्दाम भांडी जरा जोरात लावायला घेतली.

“तू गावाला जाणार?”

“हो.”

“तीन दिवस?”

“तीनपेक्षा खूप. पण मध्ये एकदोनदा मी बाबांना सांगून तुला तिकडे बोलावीन. आणि रोज फोन करीन. तू नाही बोललीस तरी करीन. तू नुसता श्वास घे, मला चालेल.”

तिने यावर विचार केला. अंगठी एकदा पूर्ण फिरली. “कशाला जाणार?”

मी हे वाक्य तीन दिवस तयार करत होते. बसमध्ये, भांडी घासताना, तिच्या केसांतला गुंता सोडवताना. म्हटलं, “तिकडे काही काका असतात. ते उंच खांबावर चढून तारा दुरुस्त करतात. तारेत चुकून वीज आली तर त्यांना लागेल, खूप लागेल. म्हणून मी तिकडे जाऊन नीट बघणार, की त्यांना काही होऊ नये.”

वाक्य चांगलं जमलं होतं. एकही शब्द खोटा नव्हता. ठमीने माझा हात सोडला आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत रडणं नव्हतं, रुसवाही नव्हता. नुसतं न समजणं होतं, स्वच्छ, आणि समजून घ्यायची खरीखुरी इच्छा.

“त्या काकांना त्यांच्या त्यांच्या आया नाहीत का?” तिने विचारलं.